वेगळ्या बिऱ्हाडाचें गाणें

जालन्याकडील एखाद्या सुशिक्षित घरांत सायंकाळीं गेलें, तर देवघरांतील आरती संपते न संपते तोंच माडीवरून कोरियन भाषेंतील गीत ऐकूं यावें, ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. गाण्याचा शब्द कळत नाहीं, देश नकाशावर पाहूनच सांपडावयाचा, तथापि घरांतल्या मुलामुलींना त्या गाणाऱ्या सातजणांचीं नांवें, जन्मतिथि व आवडीनिवडी तोंडपाठ असतात. त्यांतल्या एखाद्याविषयीं नात मोठ्या अभिमानानें सांगते, "हा आतां एकटा गातो." त्यावर आजोबा सहज विचारतात, "कां बरें? मंडळी सोडली काय त्यानें?" नात हंसते. आम्हांस मात्र आजोबांचा प्रश्न हंसण्याजोगा वाटत नाहीं. ज्या पिढीनें मराठी नाटक मंडळ्यांचा काळ पाहिला, किंवा पाहणाऱ्यांच्या तोंडून ऐकला, तिच्या दृष्टीनें तो अगदीं मुद्याचा प्रश्न आहे. लहानपणीं मंडळींत आलेला, मंडळीनें पोसलेला व शिकविलेला, आणि कंठ पिकतांच वेगळा निघालेला गायक आमच्याकडे एकदां नव्हे, अनेकदां होऊन गेला आहे.

विभक्त होणें हा शब्द एकत्र कुटुंबांतील माणसांना थोडा बोंचतो. त्यांत कोणाचा तरी अपराध असलाच पाहिजे अशी आपली समजूत असते. वेगळें निघणारा कृतघ्न तरी असावा, नाहीं तर राहणारे जुलमी तरी असावेत, असा निकाल आपण चटकन् देऊन टाकतों. पण विभक्त होणें हें सर्वथा वाईटच असतें असें म्हणावयास आम्हां जालनेकरांस तोंड नाहीं. आमचा जिल्हाच १९८१ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस तेव्हांच्या औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांचे तालुके घेऊन वेगळा झाला, आणि त्याबद्दल कोणीं सुतक धरलें नाहीं! तेव्हां कलावंताच्या वेगळ्या बिऱ्हाडाचा विचारहि जरा शांतपणें करावा, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम कोरियाची हकीकत पाहूं. बीटीएस या नांवानें जगभर गाजलेली सात तरुणांची मंडळी १९१३ सालीं नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०१३ च्या जून महिन्यांत रंगमंचावर आली. १९१३ सालाचा उल्लेख कां केला, हें वाचकांस पुढें कळेल. या सातांपैकीं सर्वांत धाकटा जंगकुक हा १९९७ सालचा. बुसान शहरचा हा मुलगा शाळकरी वयांतच राजधानी सोलला येऊन कंपनीच्या तालमींत दाखल झाला. कोरियांत अशीं मुलें कंपनीच्या खर्चानें एकत्र राहतात, एकत्र जेवतात, आणि गाणें, नाच व परभाषा यांची तालीम वर्षानुवर्षें घेतात. त्यांतलीं थोडींच लोकांपुढें येतात. कंपनीचा खर्च मोठा, म्हणून करारहि मोठे. २००९ सालीं दुसऱ्या एका नामांकित मंडळींतील तिघे गायक तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयांत गेले, तेव्हां तेथें मोठी खळबळ उडाली आणि त्याच वर्षीं तेथील सरकारी आयोगानें सात वर्षांच्या मर्यादेचा नमुना करार पुढें आणला.

बीटीएसच्या सातांनीं मात्र वेगळें होण्याची निराळीच तऱ्हा काढली. २०२२ च्या जून महिन्यांत त्यांनीं जाहीर केलें कीं, आतां कांहीं काळ ज्यानें त्यानें स्वतंत्र गाणें करावें. त्या देशांत तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागते, तीहि प्रत्येकाच्या वाट्यास येणारच होती. जंगकुकनें २०२३ च्या जुलै महिन्यांत एकट्याचें पहिलें मोठें गीत काढलें, तें अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादींत पहिल्या स्थानीं गेलें. नोव्हेंबरांत त्याचा स्वतंत्र गीतसंग्रह निघाला, आणि डिसेंबरांत तो सैन्यांत भरती झाला. २०२५ च्या जूनअखेर सातहि जण सेवा पुरी करून बाहेर आले व पुन्हां एकत्र गाण्याचा मनोदय त्यांनीं प्रकट केला. म्हणजे चूल वेगळी झाली, पण वाड्याचा दरवाजा उघडाच राहिला.

आतां आपल्या घरांत येऊं. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यास 'शाकुंतला'चा प्रयोग केला आणि मराठी संगीत नाटकाचा संसार थाटला गेला. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत नाटक मंडळी म्हणजे नुसता व्यवसाय नव्हता, तें एक फिरतें एकत्र कुटुंब होतें. मुक्काम हालला कीं पडदे, पेट्या, कपडे, आचारी, वादक व नट असा सारा लवाजमा आगगाडीनें पुढल्या गांवीं जावयाचा. एक बिऱ्हाड, एक पंगत, एक तालीम. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत, म्हणून गोड गळ्याच्या व नाजूक चेहऱ्याच्या मुलांना मंडळींत मोठी किंमत असे. गरीब घरांतला आठ-दहा वर्षांचा मुलगा मंडळींत आला, म्हणजे त्याच्या अन्नवस्त्राची व गाण्याच्या शिक्षणाची सोय होई. पण त्याबरोबर एक भीतीहि येई. चौदाव्या-पंधराव्या वर्षीं कंठ फुटला म्हणजे काय? तोच गळा पुन्हां गाता झाला तर दैव. न झाला तर कालचा नायिका आज पडद्याआड दोर ओढतांना दिसावयाचा. त्या मुलाचें बालपण, शाळा, घर, सर्व कांहीं एका गळ्यावर पणाला लागलेलें असे. वेगळें होण्याचा विचार करतांना हा पण विसरून चालणार नाहीं.

या मुलांपैकीं पहिलें ठळक नांव केशवराव भोसले यांचें. १८९० सालीं जन्मलेला हा मुलगा अगदीं लहान वयांत स्वदेशहितचिंतक मंडळींत आला व 'शारदे'च्या भूमिकेनें गाजला. १९०८ च्या आरंभीं, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आंतच, त्यांनीं हुबळीस स्वतःची 'ललितकलादर्श' मंडळी काढली. या वयांत आपलीं मुलें महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या चिंतेंत असतात. केशवरावांनीं नटांचा, वादकांचा व आचाऱ्यांचा योगक्षेम डोक्यावर घेतला.

दुसरें नांव सांगण्याची आवश्यकताच नाहीं. नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत आले आणि थोड्याच वर्षांत मंडळीचा प्राण होऊन बसले. १९११ सालीं 'मानापमाना'ची भामिनी त्यांनीं उभी केली. १९१३ सालीं ते, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे हे तिघे किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडले व 'गंधर्व नाटक मंडळी' निघाली. वर आम्हीं १९१३ हें साल मध्येंच आणलें, तें याकरितां. त्यापुढें 'स्वयंवर' आलें, 'एकच प्याला' आला, आणि बालगंधर्वांचें गाणें घरोघरच्या माजघरांत शिरलें. मूळ मंडळींत राहिले असते तर हें झालें नसतें, असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं. पण इतक्या मोकळेपणानें झालें नसतें, हें खरें. मात्र याच नाण्याची दुसरी बाजू पाहावी. भागीदारांपैकीं टेंबे लवकरच निघून गेले, पुढें बोडसहि गेले. उत्तमोत्तम कपडे, अत्तरें, गालिचे यांवर हात राखून खर्च करणें बालगंधर्वांच्या स्वभावांत नव्हतें. मंडळीवर मोठें कर्ज झालें, आणि तें फेडण्यासाठीं त्यांना कित्येक वर्षें गावें लागलें. गाण्यासाठीं घर सोडलें, आणि घर चालविण्यासाठीं गाणें वेठीस धरलें, असा हा फेरा आहे.

इकडे किर्लोस्कर मंडळीचें काय झालें? एवढा मोठा नट गेल्यावर ती त्याच दिवशीं बसली, असें मुळींच झालें नाहीं. १९१४ च्या सुमारास गोमंतकांतील मंगेशीचा एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा तेथें आला. तो दीनानाथ मंगेशकर. मोकळी झालेली जागा नव्या गळ्यानें भरली. आणि नियतीचा खेळ असा कीं, १९१८ सालीं दीनानाथहि चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बाहेर पडले. त्यांनीं काढलेल्या मंडळीस नांव दिलें 'बलवंत'. हें बलवंत म्हणजे दुसरें कोणी नव्हे; अण्णासाहेब किर्लोस्करांचें मूळ नांव बळवंत पांडुरंग. ज्या घरांतून निघाले त्याच घराच्या मूळ पुरुषाचें नांव नव्या घराच्या दारावर लाविलें, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. पुढें बोलपटाचा काळ आला, 'बलवंत' मंडळीनें बोलपटांतहि हात घालून पाहिला, नुकसान सोसलें, मंडळी मिटली, आणि १९४२ सालीं दीनानाथ अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षीं गेले. त्यांचें गाणें मात्र मिटलें नाहीं. मुलीमुलांच्या गळ्यांतून तें सर्व देशानें ऐकलें.

वेगळें झालेल्यांनीं एकमेकांचे वैरी झालेंच पाहिजे, असाहि नियम नाहीं. १९२१ च्या जुलै महिन्यांत मुंबईस टिळक स्वराज्य फंडाकरितां 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोघेहि आपापलें मूळ घर सोडून आलेले, दोघांच्याहि स्वतःच्या मंडळ्या, दोघांच्याहि चाहत्यांत चुरस. तरी एका रात्रीपुरते दोन्ही संसार एका पडद्यामागें आले. पुढें तीनच महिन्यांनीं केशवराव वारले. तो प्रयोग पाहिलेले लोक जन्मभर त्याची आठवण सांगत, यांत नवल तें काय?

तथापि आजच्या कोरियन मुलाशीं ज्याची कुंडली सर्वांत अधिक जुळते, तो गायक याहूनहि पुढचा आहे. सातारा जिल्ह्यांतील भाडळें गांवीं १९१८ सालीं सौदागर नागनाथ गोरे हा मुलगा जन्मला. दहाव्या वर्षीं तो दामूअण्णा जोशी यांच्या बालमोहन मंडळींत आला. ही मंडळी नांवाप्रमाणेंच मुलांची. वर्षें उलटलीं तशीं मुलें मोठीं झालीं, आणि आचार्य अत्र्यांचीं नाटकें त्यांनीं गाजविलीं. 'साष्टांग नमस्कार' १९३३ चें, 'लग्नाची बेडी' १९३६ चें. बोलपटानें मोठमोठ्या मंडळ्यांना ग्रहण लाविलें असतां या मुलांच्या मंडळीनें नाट्यगृहें भरून दाखविलीं. सौदागरला अनंत हरि गद्रे यांनीं 'छोटा गंधर्व' म्हणून गौरविलें, आणि पुढें त्यांचें खरें नांव लोक विसरूनच गेले. मुलाचें नांवहि मंडळीच्या दिवसांतच मिळालेलें असावें, यापेक्षां मोठें ऋण तें कोणतें?

हें ऋण घेऊन छोटा गंधर्व १९४३ च्या सुमारास बालमोहनमधून बाहेर पडले. त्यांनीं 'कलाविकास' ही स्वतःची संस्था काढली, 'देवमाणूस' नाटकास स्वतः चाली दिल्या, आणि त्या चाली लोकांच्या तोंडीं बसल्या. पण काळ बदलला होता. फिरत्या मंडळीचा संसार आतां कोणासहि झेपण्याजोगा उरला नव्हता. येथें छोटा गंधर्वांनीं जी वाट धरली, ती पूर्वसूरींपेक्षां निराळी होती. मालकीचा अट्टाहास त्यांनीं धरला नाहीं. निरनिराळ्या संस्थांच्या प्रयोगांत बोलावणें येईल तसें जाऊन ते काम करीत. 'सौभद्रां'तील कृष्ण, 'मृच्छकटिकां'तील चारुदत्त, 'मानापमाना'तील धैर्यधर या भूमिका त्यांच्या गाण्यासाठीं लोक पुनःपुन्हां पाहत. १९६० सालीं विद्याधर गोखले यांचें 'सुवर्णतुला' आलें, त्यांत ते कृष्ण झाले आणि संगीतहि त्यांचेंच होतें. याखेरीज बैठकींत ते रागदारी गात. भूर्जीखाँ, सिंदेखाँ यांसारख्या जाणत्या उस्तादांकडून त्यांनीं विद्या घेतली होती. 'गुणरंग' या नांवानें त्यांनीं चिजा बांधल्या. ज्याला नट म्हणून लोकांनीं डोक्यावर घेतलें, त्यानें आपल्या चिजांवर आपलें गाजलेलें नांव घातलें नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १९९७ सालच्या अखेरच्या दिवशीं ते गेले, तेव्हां मुलांच्या मंडळींतून निघालेला तो गळा जवळजवळ सत्तर वर्षांची कारकीर्द करून थांबला.

या सर्व चरित्रांचा ताळा करून पाहिला, तर आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. मंडळी सोडणाऱ्यांत दोन प्रकार असतात. एक मालक होण्यासाठीं बाहेर पडतो, दुसरा गाण्यासाठीं. पुष्कळदां एकाच माणसांत दोघेहि असतात, आणि त्यांतील मालक गवयाला खातो. बालगंधर्वांचें कर्ज व दीनानाथांचा मोडलेला संसार हा त्यांच्या गळ्याचा दोष नव्हता. तो एकट्या माणसानें सबंध कुटुंबाचा गाडा ओढण्याचा परिणाम होता. छोटा गंधर्वांनीं मालकाचें ओझें उतरविलें, आणि गवई उरला. कोरियन मुलांनीं तर व्यवहार कंपनीकडेच ठेवून फक्त गाणें वेगळें केलें. एकट्याच्या गीताची वही, तारीख, तिकीट, प्रवास सर्व पाहणारें मोठें घर त्यांच्या पाठीशीं आहे. त्यांचें स्वातंत्र्य त्यामुळें कमी ठरतें काय? हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. आमचें मत असें कीं, गळा मोकळा असला, आणि काय गावें हें गाणारा ठरवीत असला, तर हिशेबाची वही कोणाच्या हातीं आहे यानें फारसें बिघडत नाहीं. उलट वही हातीं असून गळा अडकलेला, हेंच अधिक दुःखाचें.

आणि एकटा गाणारा खरोखर एकटा असतो काय? या प्रश्नाचें उत्तर आमच्याच मातींत सांपडतें. सुप्रसिद्ध हार्मोनियमवादक आप्पा जळगांवकर हे मूळचे जालन्याकडचे. १९२२ सालचा त्यांचा जन्म. २००९ सालीं ते पुण्यास निवर्तले. पेटीवाल्याचा जन्म दुसऱ्याच्या गाण्यामागें जावयाचा. त्यांतहि त्यांच्या ऐन तारुण्यांत, १९४० सालीं, आकाशवाणीनें पेटीला दार बंद केलें. श्रुतींचा सूक्ष्म भेद तिला दाखवितां येत नाहीं, असा आक्षेप होता, आणि ही बंदी सुमारें तीस वर्षें टिकली. असें असूनहि आप्पांनीं हें वाद्य सोडलें नाहीं. भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे यांसारख्या थोरांची साथ त्यांनीं केली, आणि स्वतंत्र वादनहि असें केलें कीं पेटी गाते असें लोकांनीं म्हणावें. पुढें संगीत नाटक अकादमीनेंहि त्यांचा सन्मान केला. त्यांच्यापूर्वीं टेंबे यांनीं स्वतंत्र पेटीवादनाची जी प्रतिष्ठा निर्माण केली, तिचा हा पुढला अध्याय होता. मंडळी सोडून एकटें होणें एवढाच एकलेपणाचा मार्ग नव्हे. साथीला बसूनहि स्वतःचा सूर राखतां येतो, हें या जालनेकरानें दाखविलें. आणि ज्यांच्यामागें ते बसले, ते एकट्यानें गाणारे थोर गवईहि पेटी, तबला व तंबोरे यांच्यावांचून कधीं बैठकीला बसले नाहींत.

हा सर्व विस्तार आम्हीं कां केला? आज आपल्या घरोघरीं मुलांना गाण्याच्या शिकवणीस घालतात. दूरचित्रवाणीवरील स्पर्धांत आठ वर्षांचीं मुलें गातात, महिनाभर त्यांचें नांव होतें, आणि मग कंठ फुटण्याचें वय येतें. मंडळींत निदान तालीममास्तर होता, पंगत होती, आणि गळा गेलेल्यासाठीं पडद्याचा दोर तरी होता. आजच्या मुलाला टाळ्या आधीं मिळतात आणि तालीम मागाहून. तेव्हां वडील माणसांनीं तीन गोष्टी पाहाव्या असें आम्हांस वाटतें. मुलगा किंवा मुलगी चारचौघांत मिळून गाऊं शकते काय, म्हणजे दुसऱ्याचा सूर ऐकण्याची संवय तिला आहे काय, हें आधीं पाहावें. कंठ फुटण्याच्या दोन-तीन वर्षांत शाळा सुटूं देऊं नये आणि गळ्यावर जुलूमहि करूं नये. आणि पुढें त्यानें, आतां मी माझें गाईन, असें म्हटलें तर त्याला कृतघ्न म्हणूं नये. शिकलास कोणाकडे तें विसरूं नको, एवढेंच सांगावें. दीनानाथांनीं नव्या मंडळीस जुन्या घराच्या मूळ पुरुषाचें नांव दिलें, त्यांत हेंच शहाणपण होतें.

राहिला आजोबांचा प्रश्न. मंडळी सोडली काय त्यानें, असें ज्याला त्याला विचारण्यापेक्षां, मंडळींतून काय घेऊन निघाला, असें विचारावें. केशवरावांनीं धाडस घेतलें, बालगंधर्वांनीं लालित्य घेतलें, छोटा गंधर्वांनीं गाणें तेवढें ठेवलें आणि बाकी सोडून दिलें. कोरियाचीं मुलें काय घेऊन निघालीं, हें कळावयास अजून पुष्कळ वर्षें जावीं लागतील. सत्तर वर्षें टिकलेल्या गळ्याचें मोजमाप दोन-चार वर्षांच्या टाळ्यांवरून होत नसतें. तोंपर्यंत नातीनें एखादे दिवशीं 'सुवर्णतुले'तील छोटा गंधर्वांचीं पदें ऐकावीं आणि आजोबांनीं माडीवर जाऊन तें कोरियन गीत पुरतें ऐकून घ्यावें, अशी आमची दोघांनाहि सूचना आहे. एका घरांत दोन पिढ्यांचें गाणें नांदलें, तर विभक्त होण्याची पाळी निदान त्या कारणानें तरी येणार नाहीं.